तांबडं की लाल

वायरच्या जंगलात ऑक्टोबरातल्या रविवारी
डेस्मंड प्रॉसर गुडघ्यांखाली गालिच्याचा तुकडा घालून बसतात.
किडरमिन्स्टरच्या गिरणीतला, त्यांनीच रंगवलेल्या लोकरीचा.
चाळीस वर्षं रंगखात्यात काढली,
लालच्या एकशे दहा छटा नंबरासकट पाठ.
मी त्याच गावच्या इस्पितळात रक्त काढते.
दिवसाला साठ दंड, साठ वेळा "जरासं टोचेल हं."
"म्हणजे आपण एकाच खात्यातले,"
पहिल्याच दिवशी ते म्हणाले होते.

ओकच्या आडव्या खोडावर ही पहिली.
घोळक्यानं उगवलेली, एकमेकींना खेटून,
टोपीची कड झालरीसारखी कातरलेली.
देठ मोडला की थेंब येतो, गडद,
शिरेतून आलेलं असतं तसा.
लोकांना वाटतं त्याहून ते काळं असतं.
हिचं नाव हिमॅटोपस.

दहा पावलांवर, पाचोळ्यात, दुसरी.
एकटी. देठ शिवणाच्या दोऱ्याएवढा.
हीसुद्धा मोडली की रक्त देते, पण पातळ,
थंडीत गारठलेलं बोट टोचल्यावर
पिळून पिळून काढावं लागतं तसं.
टोपी उलटी करून भिंग लावलं
तर खालच्या प्रत्येक पातीच्या धारेवर बारीक रेघ,
वहीच्या पानाला समासाची असते तशी.
ही सँग्विनोलेंटा.
एकीच्या नावातलं रक्त ग्रीक, दुसरीच्या नावातलं लॅटिन.
"गट जुळायचे नाहीत," मी म्हटलं.
डेस्मंड हसले, पण वहीत लिहिलं नाही.
वहीत फक्त खरं लिहितात.

मग बर्चच्या बुंध्यापाशी एक सापडली, धड हीही नाही, तीही नाही.
उगवलेली पाचोळ्यात, एकटीच,
पण अंगानं थोराड, आणि कडेला कातरल्याचा भास.
त्यांनी देठ मोडला, बोट माझ्यापुढे धरलं.
"कुठलं लाल?"
"तुम्ही सांगा. नंबर तुम्हाला पाठ."
ते बोटाकडे बघत राहिले.
"उन्हाळ्यापासून मला सगळं तपकिरी दिसतंय," म्हणाले.
"डोळ्यामागची नस आहे म्हणे. मंडळात बोलू नकोस."

इंग्रजीत माझ्याकडे एकच शब्द होता,
आणि तो त्यांच्याकडेही होताच.
मला आठवलं, आम्ही दोन वापरतो.
उजाडताना फुटतं ते तांबडं.
मास्तरांच्या पेनातलं लाल.
भोपळा तांबडा, रस्सा तांबडा, आमच्या चिपळूणची माती तांबडी,
आणि सिग्नल कधीच तांबडा होत नाही.
डोळे मात्र दोन्ही होतात; रडून की रागानं, ते घरातल्यांना कळतं.
तांबूस म्हणजे लालसर नव्हे,
हे मी आजवर कुणाला पटवून देऊ शकलेले नाही.
तशी वेळही आली नव्हती.

"तांबडं," मी मोठ्यानं म्हटलं.
"टांब्डा," ते म्हणाले. स्पेलिंग विचारलं.
तारखेशेजारी नीट लिहून काढलं,
एखादा नवीन नंबर लिहावा तसं.
"आणि खोडावरची?"
"ती लाल."
मला तितकीशी खात्री नव्हती.

जाता जाता मी पाचोळा बोटानं बाजूला केला.
खाली एक कुजकी काटकी, करंगळीएवढी,
आणि देठ थेट तिच्यात रुतलेला.
म्हणजे लाकडावरचीच?
की काटकी आपली मध्ये आली?
डेस्मंडनी टांब्डाच्या पुढे प्रश्नचिन्ह काढलं,
गालिच्याचा तुकडा झटकला,
दोन्ही बोटं वहीच्या पानाला पुसली.

ब्यूडलीच्या पुलाजवळ चहाला थांबलो
तेव्हा त्यांनी ते पान उघडून विचारलं, डाग आता कसे दिसतात?
नदीवर अजून बऱ्यापैकी उजेड होता.
मी बघितलं.
"तपकिरी," म्हटलं. "दोन्हीही."
"हो ना," ते म्हणाले, आणि स्कोनचा मोठा तुकडा
माझ्याकडे सरकवला.